शेंडा खुडला की खालच्या डोळ्याला कसं कळतं?

बेळगावच्या टिळकवाडीत एका ओळखीच्यांच्या बंगल्याला कामिनीच्या झुडपांचं कुंपण आहे, वर दाट हिरवं आणि खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काड्या. ते म्हणाले अमावास्येला कात्री लावली म्हणून असं झालं. मला राहवलं नाही, तिथीचा ह्यात काही संबंध नाही हो, झाडाच्या आत काय चालतं ते बघा.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांना हे सांगायला नको. पान भरावं म्हणून शेंडा खुडतात आणि लगेच पानापानाच्या बगलेतून फुटवे यायला लागतात, ते काढता काढता माणूस बेजार. हे फुटवे ज्यातून येतात ते डोळे, म्हणजे बगलेतले बारके कोंब, आधीपासूनच तिथं झोपलेले असतात. त्यांना झोपवतो शेंडा. तिथं तयार होणारं ऑक्झिन हे हार्मोन खोडातून खाली वाहतं. 1933 मध्ये थिमन आणि स्कूग ह्या शास्त्रज्ञांनी शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर बाजूचे डोळे झोपूनच राहिले!

पण गंमत पुढं आहे. ऑक्झिन स्वतः डोळ्यात शिरत नाही, ते खोडात स्ट्रायगोलॅक्टोन हे दुसरं हार्मोन वाढवतं जे डोळ्याला दाबतं, आणि सायटोकायनिन हे तिसरं कमी करतं जे त्याला उठवतं. शिवाय ऑक्झिन सरकतं तासाला साधारण 1 सेंटिमीटर, म्हणजे ते थांबल्याची खबर 40 सेंटिमीटर खाली पोचायला दीड दिवसाहून जास्त वेळ हवा, आणि डोळा तर त्याच्या आधीच हलायला लागतो. मग त्याला सांगितलं कुणी? 2014 मध्ये वाटाण्याच्या रोपांवर उत्तर मिळालं, साखरेनं! वाढता शेंडा साखर ओढून घेत असतो, तो गेला की काही तासांत ती खालच्या डोळ्यांकडं वळते. आपली म्हातारी माणसं 'जीव बाजूला वळतो' म्हणायची, ते फार चुकीचं नव्हतं. फुटव्यांसाठी महागडं टॉनिक आणायची गरज नाही, कात्री पुरते.

आता त्या कुंपणाचं. दरवेळी फक्त वरून कापलं की वरचेच डोळे फुटतात, पानांचं झाकण तयार होतं, खाली ऊन पोचत नाही आणि खालची पानं गळतात. म्हणून कुंपण खाली रुंद, वर थोडं निमुळतं ठेवायचं.

कामिनी जुन्या लाकडातूनही फुटते, तेव्हा ते काड्यांचं कुंपण पहिल्या पावसाच्या तोंडाला खाली उतरवायला हरकत नाही. मोरपंखीला मात्र असं करू नका. तिच्या आतल्या तपकिरी, बिनपानाच्या लाकडात उठवायला डोळेच नसतात, कापलेली फांदी तशीच बोडकी राहते.