तांब्यावर कोरलेला साक्षात्कार

एकीकडे रोमन सम्राट ऑगस्टस, त्याच्याजवळ रोमनजीकच्या तिबुर गावची सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, आणि वर आकाशात बाळ येशूला घेतलेली मेरी. पंधराव्या शतकाच्या मध्यावर ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात काम करणाऱ्या एका जर्मन कलावंताने हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. काही चित्रांवर त्याने ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरे कोरली, म्हणून तो ‘मास्टर ई. एस.’.

कथा मध्ययुगात घरोघर माहीत होती. सिनेटला ऑगस्टसला देव ठरवायचे होते. त्याने सिबिलला विचारले, ‘माझ्यापेक्षा थोर कुणी जन्मेल का?’ तेव्हा सूर्याभोवती सोनेरी कडे उमटले आणि त्यात माता व बालक दिसले. रोममधल्या कॅपिटोलिन टेकडीवरचे आराचेली चर्च याच जागी उभे आहे, अशी श्रद्धा आहे.

रोमन लोकांचे मूळ सिबिलीय ग्रंथ इ.स.पू. ८३ च्या आगीत जळाले होते. आज सिबिलच्या नावाने जी ग्रीक काव्ये मिळतात, त्यांतला मोठा भाग ज्यू आणि ख्रिस्ती लेखकांनी नंतर रचला. घटना घडून गेल्यावर लिहिलेले भविष्य अचूक ठरणारच! पण संत ऑगस्टीनसारख्या विद्वानानेही ते मनापासून मानले. परधर्मीयांच्या तोंडूनही आपल्या सत्याची साक्ष निघावी, ही ओढ मला फार मानवी वाटते.

मला त्याहून थक्क करते ते कोरणीचे काम. लाकडी ठशात उंच भाग शाई घेतो, इथे नेमके उलटे. टोकदार पोलादी कोरणीने तांब्यात चर पाडायचे, त्यांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून काढायचा आणि ओलसर कागद जोराने दाबायचा, म्हणजे कागद चरांतली शाई ओढून घेतो. ही कोरणी सोनारांची, आणि मास्टर ई. एस.ही बहुधा त्याच धंद्यात तयार झालेला. पण इथे त्याच्या हाती सोने नव्हते. छाया दाखवायला त्याने रेघांवर आडव्या रेघा ओढल्या, आणि जिथे उजेड हवा तिथला पत्रा कोराच सोडला. त्यामुळे दिव्य तेज म्हणजे शाईचा स्पर्श न झालेला कागद.

तांबे मऊ असल्याने दर छपाईला बारीक रेघा थोड्या झिजतात. मास्टर ई. एस.चे बरेच पत्रे पुढे इस्राएल फान मेकेनेम या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताकडे गेले. त्याने पुसट रेघा पुन्हा खोल केल्या आणि छपाई चालू ठेवली.