एवढासा ट्रॅक्टर नांगर ओढतो कसा?

लहानपणी सुट्टीत मामाच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरमागे तासातून, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरातून, अनवाणी चालायचो, नुकतीच उलटलेली माती पायाला गार लागायची आणि नांगरानं घासलेली तिची बाजू अशी चकचकायची की वाटावं आत्ताच कुणी लिंपून गेलंय. एकाच बाजूची चाकं तासात, त्यामुळे मामा दिवसभर कलून बसलेला, संध्याकाळी मान धरायची.

इंजिनात ताकद असणं वेगळं आणि ती जमिनीला लागणं वेगळं. मागच्या चाकांवर भार नसेल तर ती जागेवरच गरागरा फिरतात. मग ट्रॅक्टरच जड करा की! पण जड ट्रॅक्टर माती दाबत जातो, म्हणजे नांगरायचंही आपणच आणि दाबून घट्ट करायचंही आपणच.

हॅरी फर्ग्युसन या आयरिश इंजिनिअरनं यावर जी आयडिया काढली ती मला आजही भारी वाटते. त्याचा करड्या रंगाचा टीई-२० ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनायचा, वजन साधारण ११०० किलो, १९५६ पर्यंत असे ५ लाखांवर निघाले. नांगर नुसता मागे बांधून ओढायचा नाही, तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडायचा. खालच्या दोन ओढतात, आणि मातीचा जोर नांगराला पुढे कलंडवायला बघतो म्हणून वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलते, त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड उचलत नाही. त्याआधीच्या १९१७ च्या हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरचं हेच दुखणं होतं, फाळ दगडात अडकला, चाकं फिरेनात, की इंजिन ट्रॅक्टरलाच मागच्या एक्सलभोवती उचलायचं आणि तो ड्रायव्हरसकट मागे उलटायचा, माणसं गेलीत त्यात.

खरी गंमत टॉप लिंकजवळच्या स्प्रिंगमध्ये आहे. नांगर खोल रुतला की ती जास्त दबते, नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा) व्हॉल्व्ह सरकतो, नांगर किंचित वर येतो आणि त्याचा भार मागच्या चाकांवर पडतो. म्हणजे पकड लागते तेव्हाच वजन वाढतं, बाकी वेळ ट्रॅक्टर हलकाच.

तास संपून नांगर पूर्ण उचलला की मात्र पुढची चाकं इतकी हलकी व्हायची की स्टेअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर आपला सरळच. मामा मग एका बाजूचाच ब्रेक दाबायचा आणि ट्रॅक्टर बांधाच्या अलीकडे गर्रकन वळायचा.