क्वेरी बिल्डरमधील टेबल-जोडणी

टेबल-जोडणी, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘जॉइन’ : डेटाबेसमधील दोन किंवा अधिक टेबलांतल्या ओळी एखाद्या अटीवर जुळवून त्यांची एकच यादी करण्याची क्रिया. तिचे मूळ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये आहे. ड्रुपल, जूमला यांसारख्या सीएमएसमध्ये (संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालींत) एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारण्याची भाषा, हाताने न लिहिता क्वेरी बिल्डर या ती रचून देणाऱ्या साधनाकडून लिहून घेतात. वाक्याची रचना बिल्डर सांभाळतो. जोडणी कशावरून करायची हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी या सीमाभागात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. इथल्या संकेतस्थळाला एकाच नोंदीची मराठी आणि कन्नड अशी दोन रूपे ठेवावी लागतात. एकभाषिक संकेतस्थळावर वर्षानुवर्षे लपून राहणारी चूक इथे पहिल्याच दिवशी उघडी पडते.

गावोगावच्या वाचनालयांची यादी ड्रुपलवर करायची आहे असे धरू. ड्रुपल ८ पासून (२०१५) नोंदीचे शीर्षक मुख्य टेबलात प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या ओळीत असते आणि आपण जोडलेल्या प्रत्येक फील्डला (फोन, पिनकोड अशा माहितीच्या रकान्याला) स्वतंत्र टेबल मिळते. येळ्ळूरच्या वाचनालयाचे दोन फोन आहेत आणि फोनचे फील्ड भाषांतरयोग्य ठेवले आहे, म्हणजे ते प्रत्येक भाषेसाठी वेगळे साठवले जाते. मुख्य टेबलात दोन ओळी झाल्या, फोनच्या टेबलात चार. केवळ नोंद-क्रमांकावर जोडले तर एकाच वाचनालयाच्या आठ ओळी हाती येतात. जोडणीच्या अटीत भाषेचा कोडही जुळवला की चार उरतात, आणि मुख्य टेबलावर मराठीची अट घातली की दोन, म्हणजे खरोखर जितके फोन तितक्याच. अशा वेळी ‘डिस्टिंक्ट’ (एकसारख्या ओळी एकदाच दाखवण्याची सूचना) लावून ओळी कमी करण्याची सवय वाईट आहे. त्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

पण भाषेचा कोड डोळे मिटून सगळीकडे जुळवणेही चूकच. पिनकोड दोन्ही भाषांत एकच असल्याने ते फील्ड भाषांतरयोग्य ठेवत नाहीत, आणि असे फील्ड ड्रुपल फक्त नोंदीच्या मूळ भाषेखाली साठवतो. मूळ नोंद मराठीत असेल आणि भाषाकोड जुळवून जोडणी केली, तर कन्नड पानावरचा पिनकोड रिकामा दिसतो. म्हणून प्रत्येक फील्ड भाषांतरयोग्य आहे का, हे पाहूनच अट लिहावी लागते.

जोडणीचा प्रकारही पाहावा लागतो. ‘इनर जॉइन’ दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच देतो. ‘लेफ्ट जॉइन’ डावीकडची प्रत्येक ओळ राखतो आणि उजवीकडे काही नसेल तिथे ‘नल’ (मूल्य नाही अशी खूण) ठेवतो. फोन नसलेले वाचनालयही यादीत हवे असेल तर लेफ्ट जॉइन लागतो. मात्र फोनच्या टेबलावरची भाषेची अट ‘ऑन’ऐवजी (जोडणीच्या अटीऐवजी) ‘व्हेअर’मध्ये (जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या अटीत) टाकली, की ‘नल’ असलेल्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. छोट्या गावाचे वाचनालय यादीतून नाहीसे होते, आणि कुठेही एरर येत नाही.

जोडणी क्रमांकावर करावी, गावाच्या नावावर कधीही नाही. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले, पण मराठी माणूस बेळगावच लिहितो. कुणी येळ्ळूर लिहितो, कुणी येळूर. त्यातून ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता देऊन दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण नुसत्या बाइट्सची तुलना केली तर जुळत नाहीत.

ड्रुपलमध्ये नवख्याला हमखास अडवणारी एक गोष्ट म्हणजे जोडणीची मेथड (कोडमधली आज्ञा) क्वेरी परत देत नाही, जोडलेल्या टेबलाचे टोपणनाव देते. त्यामुळे तिच्या पुढे बाण (->) देऊन पुढच्या आज्ञांची साखळी चालू ठेवली की कोड कोसळतो. जोडणी वेगळ्या ओळीत लिहावी आणि मिळालेले टोपणनाव पुढच्या अटींत वापरावे.

वर्डप्रेसमध्ये जोडणी सहसा पडद्याआड होते. मेटाच्या (नोंदीला जोडलेल्या जादा माहितीच्या) अटी ‘अँड’ने जोडल्या की जवळपास प्रत्येक अटीमागे पोस्टमेटा टेबल पुन्हा एकदा जोडले जाते, आणि त्यातल्या मूल्याच्या रकान्याला मुळात इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नसतो. म्हणून तालुका, गाव अशी चाळणीची माहिती मेटात न ठेवता टॅक्सॉनॉमीत (वर्गवारीत) ठेवणे बरे.

यादी लावण्यापूर्वी क्वेरीला एकाच नोंदीचा क्रमांक देऊन ओळी मोजाव्यात. येळ्ळूरच्या मराठी नोंदीला दोनपेक्षा जास्त ओळी आल्या, तर कोणती तरी अट राहून गेली आहे.