नेमणूकपत्रातला अधिकार वापरणे आणि नेमणूकपत्रच बदलणे

‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ अशी सुरुवात असलेले पत्र हातात पडले की बहुतेक कर्मचारी एकच प्रश्न विचारतात, की कंपनीला असे करता येते का. त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : नेमणूकपत्राने आधीच दिलेला अधिकार मालक वापरतो आहे, की त्यातली अटच बदलतो आहे? पहिल्या गोष्टीला कर्मचाऱ्याची नवी संमती लागत नाही; दुसरीला लागते. हा फरक लक्षात न आल्यामुळे कोणी पाळायलाच हवा असा आदेश धुडकावून शिस्तभंगाची कारवाई ओढवून घेतो, तर कोणी नकार देता येत असतानाही मुकाट्याने सही करतो.

बदलीचे उदाहरण घेऊ. देशातील कोणत्याही शाखेत बदली होऊ शकते असे कलम नेमणूकपत्रात असेल, तर बदली हा नोकरीचाच भाग मानला जातो आणि न्यायालये सहसा त्यात पडत नाहीत. मात्र धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली कामगाराची बदली ही कायद्याच्या दृष्टीने अनुचित कामगार प्रथा आहे. कलमच नसेल तर चित्र बदलते. अमरोह्याच्या कुंदन शुगर मिल्सच्या मालकांनी पुढे बुलंदशहरात दुसरा कारखाना सुरू केला, तिथे जायला नकार देणाऱ्या कामगारांना कामावरून काढले, आणि 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नेमणुकीच्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या कारखान्यात बदली करण्याचा अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही.

पगार, भत्ते, कामाचे तास आणि रजा यांतील कपात बहुतांशी दुसऱ्या प्रकारात मोडते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 62 नुसार करारात बदल होतो तो दोन्ही पक्षांच्या सहमतीने. कामगारांना याखेरीज आणखी एक संरक्षण आहे. कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या सेवाशर्ती बदलायच्या असतील तर मालकाने आधी नोटीस दिली पाहिजे आणि त्यानंतर 21 दिवस बदल अमलात आणता कामा नये, अशी तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ मध्ये होती. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 मध्येही ती आहे. वर्षानुवर्षे चालत आलेली सवलत, उदाहरणार्थ कारखान्याची मोफत बस, बंद करणेही या परिशिष्टात येते, मग ती नेमणूकपत्रात लिहिलेली असो वा नसो. युनियनशी झालेल्या तडजोडीनुसार बदल होत असेल तर मात्र नोटीस लागत नाही.

नोटीस म्हणजे संमती नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवे. 21 दिवस उलटले म्हणून कामगाराचा विरोध संपत नाही. त्याविरुद्ध औद्योगिक विवाद उपस्थित करता येतो. व्यवस्थापकीय पदांवरील लोकांना मात्र हे नोटिशीचे संरक्षण नाही, त्यांची सारी भिस्त करारावरच असते.

खरी अडचण होते ती ‘कंपनी आपली धोरणे वेळोवेळी बदलू शकते’ या कलमाने. प्रवासखर्चाचे नियम किंवा गणवेश यांसाठी ते पुरेसे ठरेल. पण त्याच्या आधारे मूळ पगार कमी करता येतो हा दावा मला मान्य होण्याजोगा वाटत नाही, कारण मग पगाराच्या आकड्याला करारात काही अर्थच उरणार नाही.

अशा वेळी गप्प राहणे सर्वांत घातक, कारण कमी झालेला पगार महिनोन्‌महिने विनातक्रार घेतला तर त्यालाच मूक संमती म्हटले जाऊ शकते. म्हणून पत्र मिळताच लेखी कळवावे : ‘हा बदल मला मान्य नाही. माझे सर्व हक्क राखून मी काम चालू ठेवत आहे.’ ईमेल केला असल्यास त्याची प्रत कंपनीच्या खात्याबाहेरही जपून ठेवावी. पत्र हाती दिले असल्यास दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.