पार्श्वभूमी : दोन टक्क्यांचा हिशेब आणि केळ्यातला डीएनए

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवर एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह दिसले की गावात म्हणतात, 'हे सीएसआरमधून आलंय.' जणू सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, या नावाचा सरकारी निधी आहे आणि अर्ज केला की त्यातून पैसे सुटतात. सरकारी पत्रव्यवहारातही 'सीएसआर निधी' हा शब्द चांगला रुळला आहे. कायद्यात मात्र असा निधी नाही. पैसा कंपनीचा, ठराव तिच्या संचालक मंडळाचा. किती खर्च करायचा आणि साधारण कोणत्या कामांवर, एवढेच सरकारने आखून दिले आहे. लस, औषधे, एन्झाइम किंवा बियाणे बनवणाऱ्या जैवतंत्रज्ञान कंपन्या शाळा-कॉलेजांत विज्ञान शिकवायला जातात तेव्हा या आखणीची एक कड त्यांना इतरांपेक्षा जास्त बोचते. ती कड कुठून आली, ते पाहायला हवे.

तशी या धंद्याला लोकांचा विश्वास कमावण्याची गरज पहिल्यापासून आहे. 1897 साली मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाने ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे 1976 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराच्या नगर परिषदेने जनुकांची जोडतोड करणारे काही प्रयोग काही महिने थांबवून धरले, सामान्य नागरिकांची समिती नेमली आणि 1977 मध्ये त्यासाठी स्थानिक नियम केले. आज त्याच शहरात जैवतंत्रज्ञान कंपन्यांची दाटी आहे. लोकांना समजावून सांगितल्याशिवाय आपला धंदा चालत नाही, हा धडा तिथल्या कंपन्या फार लवकर शिकल्या. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने 1990 च्या सुमारास शाळांना प्रयोगाची उपकरणे उसनी द्यायला आणि शिक्षकांना ती वापरायला शिकवायला सुरुवात केली. तिथली शाळकरी मुले आता जिवाणूत लाल चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालून पाहतात. आपल्याकडे 1989 च्या नियमांखाली जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचे तर संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. आठवीच्या वर्गासाठी ती कुठून आणायची?

भारतात गाडी उलट्या बाजूने, म्हणजे विद्यापीठाकडून निघाली. 1980 च्या दशकाच्या मध्याला मोजक्या विद्यापीठांत जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. सुरू झाली, त्यात पुणे होते. केंद्रात या विषयासाठी वेगळा विभाग 1986 मध्ये झाला. महाराष्ट्राने 2001 मध्ये स्वतःचे जैवतंत्रज्ञान धोरण आणले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कॉलेजांत बी.एस्सी. बायोटेकची लाट आली. लाट ओसरली तेव्हा हातात पदवी होती, पण डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेले. कंपन्यांची तक्रार होती की मुले कामाची नाहीत. मुलांची तक्रार होती की काम शिकायला मिळालेच नाही. दोघांचेही खरेच होते.

या पार्श्वभूमीवर 2013 चा कंपनी कायदा आला. त्याचे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यातली एक जरी रेघ ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कामांची यादी याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्यात शिक्षण आहे, पण 'विज्ञान शिक्षण' असे शब्द नाहीत. सुरुवातीला विज्ञानाचा उल्लेख आला तो आडवळणाने, मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांमधल्या तंत्रज्ञान उबवण केंद्रांना (नवख्या उद्योगांना आधार देणाऱ्या 'इन्क्युबेटर'ना) मदत एवढाच.

अडचण मात्र यादीत नव्हती. नियमांत एक छोटे वाक्य होते : कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेले काम सीएसआर धरले जाणार नाही. हेतू उघड आणि रास्त होता. साबण विकणाऱ्याने हात धुण्याची जाहिरात करायची आणि ती समाजसेवेच्या खात्यात मांडायची, असे होऊ नये. पण सिमेंटच्या कारखान्याने शाळेला प्रयोगशाळा दिली तर कोणी भुवया उंचावत नाही. जैवतंत्रज्ञान कंपनीने जैवतंत्रज्ञान शिकवले तर लगेच प्रश्न येतो, की ही समाजसेवा की स्वतःची भरती? बंगळुरूच्या एका कंपनीने 2014 च्या आसपास पदवीधरांना उद्योगाच्या कामासाठी तयार करणारी अकादमी सीएसआर म्हणून काढली. रोजगारक्षम कौशल्ये देणे अनुसूचीत बसते, त्यामुळे कायद्याने ती बसते. तिथली मुले ज्या उद्योगात जातात तो मात्र कंपनीचाच उद्योग. टीकाकारांना हे खटकते. मला ते तितकेसे खटकत नाही, कारण ज्याला सूक्ष्मजीव वाढवायची आंबवण टाकी चालवता येते तोच ती शिकवू शकतो. त्याने ती शिकवू नये म्हटले तर मग तो शाळेत जाऊन काय शिकवणार, रांगोळी?

याहून जास्त परिणाम झाला तो दुसऱ्याच एका निर्णयाचा, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. जून 2014 च्या सरकारी परिपत्रकात म्हटले होते की कर्मचारी स्वयंसेवक म्हणून जेवढे तास सीएसआरच्या कामाला देतील, तेवढ्या तासांचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरता येईल. सप्टेंबरमध्ये ते वाक्य काढून टाकले गेले आणि प्रशासकीय खर्चालाही पाच टक्क्यांच्या मर्यादेत आणले गेले. ऑगस्ट 2021 च्या खुलाशात तेच पुन्हा सांगितले : कर्मचाऱ्यांचा सहभाग चांगला, पण त्याची किंमत पैशात लावता येणार नाही. म्हणजे कंपनीची शास्त्रज्ञ शनिवारी शाळेत जाऊन दिवसभर शिकवून आली, तर दोन टक्क्यांच्या हिशेबात ती रक्कम शून्य. त्याच कंपनीने संस्थेला पैसे दिले आणि संस्थेने प्रशिक्षक नेमला, तर त्या प्रशिक्षकाचा पगार धरता येतो. पगार फुगवून खर्च दाखवला जाईल ही भीती निराधार नव्हती. पण त्याचा भार पडला तो नेमका अशा क्षेत्रावर, जिथे देण्यासारखी मुख्य गोष्ट माणसांच्या डोक्यात आणि हातात असते.

केळ्याचा प्रयोग घ्या. केळे कुस्करायचे, त्यात मीठ आणि भांडी घासायचा द्रवसाबण घातलेले पाणी मिसळायचे, गाळायचे आणि पेल्याच्या कडेने गार स्पिरिट अलगद सोडायचे. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू तरंगू लागतात, तोच डीएनए. साबणाने पेशीच्या पडद्यातली चरबी फोडली, मिठाने तंतूंना एकत्र यायला मदत केली आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही म्हणून तो दिसू लागला. साहित्याचा खर्च चहा-वड्याइतका. महाग असतो तो 'स्पिरिट गारच का?' या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस. तो हिशेबात बसत नाही, पेट्या बसतात. म्हणून पेट्या येतात, आणि पुष्कळदा शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहतात, कारण काच फुटली तर भरून कोण देणार ही मुख्याध्यापकांची काळजीही खोटी नसते. खऱ्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगाला लागणारी काही एन्झाइम उणे 20 अंशांत ठेवावी लागतात. वीज गेली की तीही गेली.

त्यात मार्चअखेरची घाई. वर्षाची रक्कम वर्षात खपवायची म्हटल्यावर साहित्य नेमके परीक्षांच्या तोंडावर शाळेत पोहोचणार.

विज्ञानासाठी दार जरा उघडले ते 2019 मध्ये. 20 सप्टेंबरला गोव्यात झालेल्या पत्रकार परिषदेची आठवण सगळ्यांना आहे ती कंपनी कराच्या कपातीमुळे. त्याच घोषणेत सार्वजनिक विद्यापीठे, आयआयटी आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलेली मदत सीएसआरमध्ये धरण्याचेही जाहीर झाले होते. ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली आणि ऑगस्ट 2020 च्या सुधारित यादीत जैवतंत्रज्ञान विभागही नावानिशी आला. शाळांना यातून थेट काही मिळाले नाही, कारण हे कलम संशोधनाचे आहे.

त्याच ऑगस्टमध्ये नेहमीच्या व्यवसायाचे ते छोटे वाक्यही वाकले. लस, औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांचे संशोधन हाच ज्यांचा नेहमीचा व्यवसाय आहे, त्या कंपन्यांना कोविडवरचे संशोधन 2020-21 ते 2022-23 ही तीन वर्षे सीएसआर म्हणून दाखवायची मुभा मिळाली. दोन अटी होत्या. काम अनुसूचीतल्या एखाद्या संस्थेच्या सहकार्याने व्हायला हवे आणि संचालकांच्या अहवालात त्याची वेगळी नोंद हवी. संकटाची वेळ होती, त्यामुळे याला विरोध करणे अवघड होते. तरी नोंद घेण्यासारखे एवढे की नेहमीच्या व्यवसायाची भिंत संशोधनासाठी तीन वर्षे खाली आली, शिकवण्यासाठी एक दिवसही नाही. तीन वर्षांनी मुभा संपली, भिंत जागेवर आली.

जानेवारी 2021 च्या नियमांनी चित्र आणखी बदलले. आधी खर्च झाला नाही तर कारण सांगितले की भागत असे. 2019 च्या दुरुस्तीत तर तुरुंगवासाची तरतूद होती. उद्योगांनी आरडाओरडा केला, ती लागू झालीच नाही आणि तिच्या जागी दंड आला. आता चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्च करता येते. शाळांच्या दृष्टीने ही मला सगळ्यात उपयोगी दुरुस्ती वाटते, कारण शिक्षक तयार व्हायला एक मार्च पुरत नाही. दुसरीकडे, काम करणाऱ्या संस्थांना 1 एप्रिल 2021 पासून केंद्राकडे नोंदणी सक्तीची झाली. तालुक्याच्या गावात चार निवृत्त शिक्षकांनी चालवलेल्या विज्ञान मंडळाला हे कागद जमवणे जड जाते, आणि काम शहरातल्या मोठ्या संस्थांकडे सरकते.

कायदा म्हणतो, कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या. औषध आणि लस कंपन्या पुणे, मुंबई, ठाणे, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात आहेत. विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने 'आकांक्षित' या नावाखाली निवडलेले राज्यातले चार जिल्हे आहेत नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. परिसराची अट मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असे सरकारने नंतर स्पष्ट केले. तरीही हडपसर किंवा हिंजवडीच्या कंपनीतली शास्त्रज्ञ शनिवारी मुळशीला जाऊन संध्याकाळी घरी परतू शकते. गडचिरोलीला जायचे तर दोन दिवसांची रजा टाकावी लागेल, आणि वार्षिक अहवालात तिचा फोटो छापला जाईल, तास नाही.