पार्श्वभूमी : किरायाच्या सायकलवरून पडल्यावर दावा कुठे?

नागपुरात मार्च २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली आणि पुढे काही स्थानकांखाली ॲपवर कुलूप उघडणाऱ्या सायकली उभ्या राहिल्या. पुण्यात हाच प्रयोग २०१७ च्या अखेरीस मोठ्या गाजावाजाने सुरू होऊन दोनेक वर्षांत बराचसा विरला होता. सायकल किरायाने घेणं मात्र नागपूरला नवं नव्हतं. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत तासावर सायकल मिळायची. ब्रेक लागत नसला की ती दुकानदारासमोर आदळून भांडता यायचं. आता भांडायला समोर कुणी नाही, हँडलवर एक क्यूआरचं स्टिकर तेवढं आहे.

माझा भाचा अशाच एका सायकलवरून सेमिनरी हिल्सच्या उतारावर पडला. मागच्या ब्रेकची तार लिव्हरजवळ तुटलेली, तिचे धागे झाडूसारखे पसरलेले. मनगट मोडलं. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, "ठोकलं कोणी?" कोणीच नाही. मग गुन्हाही नाही आणि क्लेमही नाही, असं तिथेच सांगून झालं. उत्तर अर्धं बरोबर होतं.

अपघात म्हटलं की आपल्याला क्लेम केसच, म्हणजे भरपाईचा दावाच, आठवते, आणि तिचं वय तसं फार नाही. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यात मृताच्या वारसांना दिवाणी कोर्टात जाता येत असे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अशा दाव्यांसाठी वेगळी न्यायालयं, म्हणजे दावा न्यायाधिकरणं, आली आणि भरपाईच्या रकमेवर भलीमोठी कोर्ट फी भरण्याची सक्ती गेली. १९८२ साली दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळू लागले. १९८८ चा कायदा पुढल्या वर्षी जुलैत लागू झाला. १९९४ च्या दुरुस्तीने दावा राहत्या गावी लावता येऊ लागला आणि मुदतीची अटही गेली. ती सहा महिन्यांची अट १ एप्रिल २०२२ पासून परत आली असून तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे.

या सगळ्या सवलतींच्या दारावर एकच शब्द उभा आहे : मोटार वाहन. वर्धा रोडवर कारने तुमच्या सायकलला उडवलं, तर सायकल किरायाची की स्वतःची हा प्रश्नच येत नाही. कार मोटार वाहन आहे, दावा तिच्या मालकावर आणि विमा कंपनीवर. गाडी पळून गेली तर केंद्राच्या २०२२ च्या 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचारही आहेत, पण तेही मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातालाच. ब्रेक तुटून एकटा पडलेला सायकलस्वार या दारातून आत जात नाही.

बॅटरीवाल्या सायकलींनी तर हा शब्द आणखी गढूळ केला. केंद्रीय नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि वजन वगैरे अटी पाळलेल्या असतील, तर ती मोटार वाहन नाहीच : नोंदणी नको, परवाना नको, विमाही नको. मर्यादा ओलांडली की ती मोटार वाहन होते. म्हणजे स्वाराचं भलं, असं वाटेल, पण तसं नाही. मागून आणलेलं वाहन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे मालकाच्या विम्यातून त्याला तिऱ्हाईत (थर्ड पार्टी) म्हणून भरपाई मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं. तो तर्क किरायाच्या वाहनाला कितपत लावायचा यावर वकील भांडतील. पण सायकल मोटार वाहन ठरली म्हणून स्वाराचं काम झालं, असं समजणं भाबडेपणाचं.

मग भाच्यासारख्यांनी जायचं कुठे? माझ्या मते खरं उत्तर जुन्या कागदात आहे आणि ते फारसं कोणी उघडत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५०. दुसऱ्याची वस्तू वापरायला घेणं म्हणजे 'बेलमेंट', पाठ्यपुस्तकातला 'निक्षेप'. फुकट दिलेल्या वस्तूतला दोष देणाऱ्याला ठाऊक असूनही त्याने सांगितला नाही, तरच तो जबाबदार. वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष ठाऊक असो वा नसो, तो जबाबदार. कायद्यातलं उदाहरणच बघा : एकाने दुसऱ्याकडून गाडी भाड्याने घेतली, ती असुरक्षित होती, मालकाला ते माहीत नव्हतं, घेणाऱ्याला इजा झाली, तरी जबाबदारी मालकाची. १८७२ मधली गाडी म्हणजे घोड्याची. तिच्या जागी क्यूआरवाली सायकल ठेवली तरी वाक्याला धक्का लागत नाही.

कंपनीचं म्हणणं वेगळं. ॲप उघडताना तुम्ही 'मान्य' दाबलेलं असतं आणि आत कुठेतरी लिहिलेलं असतं की सफर स्वतःच्या जोखमीवर, निघण्यापूर्वी ब्रेक तपासणं तुमचं काम. अशा कलमाने १५० मधली जबाबदारी झटकता येते का? कलम १५२ मध्ये 'विशेष करार नसल्यास' असे शब्द आहेत, कलम १५० मध्ये नाहीत. ते तिथे नसणं मला बोलकं वाटतं. कंपनीचे वकील म्हणतील, कायद्याने मनाई केलेली नाही म्हणजे मुभा आहे. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे, पण मोबाइलच्या पडद्यावर अंगठा टेकवणाऱ्याने उताराच्या तोंडाशी उभं राहून ब्रेकच्या तारेचे धागे मोजायचे, ही अपेक्षा मला तरी पटत नाही.

२० जुलै २०२० ला लागू झालेल्या ग्राहक कायद्याने या वादाला बळ दिलं. 'अनुचित करार' ही कल्पना कायद्यात आली. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येऊ लागली. पूर्वी कंपनीचं कार्यालय किंवा शाखा जिथे, नाहीतर वादाचं कारण घडलं तिथे जावं लागे. करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाबाहेर खासगी पंचाकडे न्यायचं, कलम असलं तरी ग्राहक मंच बंद होत नाही, हे २०१८ मध्येच ठरलं होतं. गोम एवढीच, की करारच अनुचित आहे म्हणालात तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, सेवेत त्रुटी म्हणालात तर जिल्हा आयोग चालतो. मुदत दोन वर्षं. आणि पुरावा तुमच्या हातात हवा : सफरीची पावती, सायकलचा क्रमांक, तुटलेल्या भागाचा फोटो. भाच्याची सायकल तिसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन परत स्टँडवर लागली होती.

खड्ड्याने पाडलं असेल तर गोष्ट तिसरीच. सिमेंट रस्त्यांच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत सायकलचं चाक अडकणं नागपूरकराला समजावून सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत दिलेल्या आदेशात खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख रुपये ठरवले. इथे वाहनाला इंजिन आहे की नाही, याने फरक पडत नाही.

मोफत वकिलाचं काय? राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ १९७६ च्या दुरुस्तीने आलं, विधी सेवा कायदा १९८७ चा, पण अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. त्यात न्यायाधिकरणापुढचं कामही येतं. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. क्लेमचा अर्ज भरताना मात्र एक रकाना येतो : अपघातातील वाहनाचा नोंदणी क्रमांक. सायकलच्या मडगार्डवर कंपनीने रंगवलेला आकडा तिथे चालत नाही.