शॉर्टकट लावले, पण राहिले नाहीत: एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काय किंवा शहाद्यातल्या एका गाळ्याच्या दुकानात काय, डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी, करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: 'काल शॉर्टकट लावले होते भो, आज सगळी सेटिंग उडाली!' शॉर्टकट म्हणजे एखादी आज्ञा झटकन देणाऱ्या कीबोर्डवरच्या कळा. त्या उडाल्या की दोष व्हायरसला नाहीतर दुकानातल्या नव्या पोऱ्याला. पाहायला हवं ते वेगळंच. सेटिंग लिहिली जाते कुठे आणि केव्हा? याचं उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत अनेकदा बदललं आहे.

वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या जमान्यात सेटिंग बदलणारा प्रोग्रॅम वेगळा असे आणि तो बदल थेट वर्डस्टारच्या मुख्य फाइलीतच करत असे. फ्लॉपीची कॉपी दिली की सेटिंगही सोबत जाई. पुढे विंडोजवर त्यासाठी आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली आल्या आणि १९९५ पासून रजिस्ट्रीचं, म्हणजे विंडोजच्या सामायिक नोंदवहीचं, प्रस्थ वाढलं.

शॉर्टकट तरी कुठे एकसारखे होते? ॲपलच्या लिसा या संगणकावर १९८३ साली केलेलं मागे घेणं, कापणं, कॉपी करणं, चिकटवणं यांसाठी झेड, एक्स, सी, व्ही या कळा आल्या. आयबीएमने १९८७ च्या नियमावलीत शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट असा निराळाच संच दिला. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रॅमवर हात बसलेला ऑपरेटर कोरल ड्रॉ या चित्रं-पत्रिकांच्या प्रोग्रॅमवर आला की त्याला जुन्याच कळा हव्या असतात, म्हणून तो त्या बदलून घेतो. वर्ड हे बदल नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे प्रत्येक नव्या फाइलीच्या मूळ साच्यात, ठेवतो. पण शॉर्टकट लावायच्या खिडकीत खालच्या चौकटीत चालू फाइलीचं नाव निवडलेलं राहिलं, तर शॉर्टकट त्या एका फाइलीपुरताच.

खान्देशाला जास्त छळलं ते 'केव्हा' या प्रश्नाने. बरेच प्रोग्रॅम सेटिंग बदलल्याबरोबर लिहीत नाहीत. फोटोशॉप आपली प्रेफरन्सेस फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, लिहितो ती नीट बंद होताना. आणि २००५ च्या सुमाराला भारनियमन जोरात! भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते आणि आजूबाजूच्या गावांत अंधार, हा विनोद तेव्हा कुणालाच हसवत नव्हता. ऐन लग्नसराईत पत्रिकांचं काम चालू, यूपीएसची बॅटरी मेलेली, लाईट गेली की मशीन धाडकन बंद. केलेलं काम कंट्रोल-एस मारून वाचे. शॉर्टकटसाठी असं बटण दाबायची सवय कुणाला होती?

२००७ साली विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती घराघरांत आली आणि 'कुठे'चा घोळ वाढला. जुने प्रोग्रॅम आपली सेटिंग प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात, जिथे ते स्वतः बसवलेले असत, तिथेच लिहीत. व्हिस्टाने ते दार बंद केलं आणि तसं लिखाण गुपचूप वापरणाऱ्याच्या व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या फोल्डरात वळवलं. मग कुणीतरी सुचवायचं, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर', म्हणजे प्रोग्रॅम पूर्ण अधिकारांनिशी उघड. तसं केलं की बदल मूळ जागी लिहिला जाई. दुसऱ्या दिवशी साध्या पद्धतीने उघडलं की वाचली जाई ती वळवलेली जुनी फाइल. सेव्ह झालेलं असूनही हरवलेलं!

एक भानगड मात्र आपल्याच इलाजाची. कोरल अडकायला लागला की एफ-८ दाबून धरून चालू करायचा, हा सल्ला हमखास मिळतो. त्याने वर्कस्पेस, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, मूळ रूपात येतो, आणि लावलेले शॉर्टकट त्या वर्कस्पेसमध्येच असतात. म्हणून एफ-८ ला हात लावण्याआधी वर्कस्पेस एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्यावा. फोटोशॉपमध्येही शॉर्टकटचा संच वेगळ्या फाइलीत सेव्ह करता येतो. ती सोय शॉर्टकटच्या खिडकीतच आहे.